पिल्लाची शेपटी कोणी खाल्ली?

दचकू नका, कपाटातून मीच बोलतोय! मी एक सर्व्हर. म्हणजे पडदा नाही, कळफलक नाही, नुसताच चपटा काळा संगणक. आम्ही बारा भावंडं एकावर एक रचून ठेवलेली, आणि सगळ्यात खाली मी, थोरला. मुलांचे कार्टूनपट रंगवणं हे आमचं काम. मिनिटभराच्या गमतीला हजाराहून जास्त चित्रं लागतात, ती आम्ही वाटून घेतो.

आधी आम्हाला दादा सांभाळायचे. मोठा मायाळू माणूस! प्रत्येकाचे लाड वेगळे. एकाला हा प्रोग्रॅम, दुसऱ्याला ती सेटिंग, तिसऱ्याच्या पोटात चित्रांचा खाऊ. झालं काय, बारा भावंडांच्या बारा तऱ्हा. एवढीशी सुधारणा करायची तरी दादांना बारा ठिकाणी घाम गाळावा लागायचा. शेवटी कंटाळून ते दुसरीकडे गेले आणि ताई आली.

ताईचा खाक्या एकच, "नको ते काढून टाका." तिने आमची पोटं रिकामी केली, नावं पुसली, कुणी काय केलं याच्या नोंदी बंद केल्या. सकाळी जागं झालं की मुख्य यंत्राकडून दिवसापुरतं सगळं मागून घ्यायचं आणि संध्याकाळी विसरून जायचं. खरं सांगतो, फार हलकं वाटलं. ताई स्वतःही तशीच. टेबलावर एक पेला, एक पेन. आईचा फोन आला तर उचलायचीच नाही, आणि उचललाच तर "कामात आहे" म्हणून ठेवून द्यायची.

आणि एक दिवस पिल्लाची शेपटी गेली.

सिनेमातलं कुत्र्याचं पिल्लू उड्या मारत यायचं आणि मधेच क्षणभर बिनशेपटीचं व्हायचं. दिग्दर्शकबाई धावत आल्या. "अगं, उद्या शाळेची मुलं बघायला येणार! शेपटी कोणी खाल्ली?"

ताईला सांगता येईना. चित्रं सगळी एका ढिगात, कोणतं कुणी रंगवलं याचा पत्ता नाही. मग संशय कुणावर? अर्थात म्हाताऱ्यावर! "हाच जुना झालाय. काढते भंगारात," ती म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी पार घाबरलो, पण बोलायला तोंड कुठे होतं? माझे दोन स्क्रू निघाले आणि तिचा फोन वाजला. हात अडकलेले, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"आई, कामात आहे गं."

"राहा की. मी कुठे तुला गप्पा मारायला बसवतेय? रोज एकदा 'बरी आहे' एवढं कळव. एकच ओळ. नाहीतर तुझं तिकडे काय चाललंय ते मला कळायचं कसं?"

ताईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू ग्रेट आहेस."

"ते मला ठाऊक आहे. जेवलीस का?"

माझे स्क्रू परत बसले. बाकी सगळं मुख्य यंत्राकडूनच यायचं, पण आता प्रत्येकाला एक नाव मिळालं. शिवाय चित्रासोबत एक ओळ पाठवायची: कुणी रंगवलं, कशावरून रंगवलं, तब्येत कशी. शेपटी गेलेली चित्रं पुन्हा रंगवायला घेतली आणि तासाभरात चोर सापडला, वरून तिसरा, 'मामा'. दादांनी भरवलेलं जुनं पिल्लू, शेपटी जोडण्याच्या आधीचं, ताईच्या सफाईतून निसटून त्याच्या पोटात तसंच राहून गेलं होतं. बिचारा इमानेइतबारे तेच रंगवत होता. त्याचं पोट साफ झालं आणि पिल्लाला शेपटी आली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मुलांचं खिदळणं ऐकू आलं. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

माझं नाव 'आजोबा'. आज ना उद्या मी खरंच भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. मागणं एकच आहे. आमच्यावर लाडाचं ओझं नको, पण अगदी पोरकंही करू नका. ती एक ओळ तेवढी राहू द्या.

ताई रोज दुपारी आमच्या बाराजणांच्या ताज्या बारा ओळी वाचते. मग फोन काढून तेरावी स्वतः लिहिते, "आई, बरी आहे. जेवलेय."