भागीचं सूप काचेत गेलं

भागीला काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई उगाच भुलली. बारा महिने घरापाशी काम, शेडच्या पाटीवर नाव, आणि दिवाळी सरली की नवरा रघु भिवंडीच्या वीटभट्टीवर जातो, ते बंद. द्यायचं होतं फक्त घरामागचं बांबूचं बेट. त्या बेटाच्या बांबूची सुपं-टोपल्या जव्हारच्या बाजारात विकून भागी स्वतः आजवर भट्टीवर गेली नव्हती. आमच्या जामसरात असं सांगू शकणाऱ्या बाया किती? एका हाताची बोटं उरतील.

माघात गावचाच भावेश मोटारसायकलवरून आला. वापीला दोन वर्षं काढून तो आता परदेशी कंपनीचा को-ऑर्डिनेटर झाला होता. माळावर त्यानं पत्र्याची शेड उभारली होती.

"काकी, बाहेरचा पैसा एकट्या घराकडं येत नाय. विणणारे, कापणारे, रंगवणारे सगळे एका जागी दिसले की मगच उतरतो. क्लस्टर म्हणतात त्याला."

"गिधाडबी जागा बगूनच उतरतं," भागी म्हणाली.

"थट्टा नको. बेट आजच तोडायचं. उद्या फोटोत ढीग दिसला पाहिजे."

भागीनं हातातली बांबूची कांबीट खाली ठेवली. "आज? चांदणं चढतंय, पोरा. धा-बारा दिस थांब, काळोख लागू दे. आता तोडला तर भुंगा खाईल."

"कंपनी हॉलंडची हाय. तिला पुनव-अवस कळत नाय."

"तिला नाय कळत. भुंग्याला कळते."

शेडच्या आशेनं रघु यंदा भट्टीवर गेलाच नव्हता; तोवर तो कंपनीची टोपी घालून बसला होता. "भागे, दुनिया कुठं चालली, तू चांदणं मोजतेस!" म्हणाला, आणि कोयता घेऊन उठला. तीन दिवसांत बेटाचं मैदान झालं. ढीग मोठा दिसावा म्हणून भावेशनं कोवळे कोंबही सोडले नाहीत. फोटो मात्र फार सुंदर आला.

चैत्रात हॉलंडच्या कंपनीची मॅडम आली. जामसरात विणणारे सात, कागदावर पन्नास. म्हणून भावेशनं विहिरी आटलेल्या सूर्यमाळ गावच्या बाया टेम्पोत भरून आणल्या. त्या आनंदानं आल्या, हंडे घेऊनच आल्या. कारण शेडवर पाण्याचा टँकर उभा होता. निम्म्यांनी उभ्या आयुष्यात टोपली विणली नव्हती, पण काय विणायला बसल्या! मॅडमची पाठ वळली की हंडा टँकरखाली.

मॅडम नमुन्याच्या खुर्चीत बसली, हसली, उठली. काळ्या विजारीवर पिवळं पीठ.

"नॅचरल पॉलिश," भावेश म्हणाला.

मॅडमनं खुर्ची ठोकली. भुंग्यानं पोखरलेलं पीठ भुरभुरलं. टेबल ठोकलं. तिथंही तेच. मग तिची नजर कडेला गेली. भागी पाहुण्यांच्या जेवणाचे तांदूळ पाखडत होती. मॅडमनं सूप मागितलं, उलटं करून ठोकलं. कण पडला नाही.

"किती जुनं, विचारतात," भावेश कसनुसा बोलला.

"चवथं वरीस. काळोखात तोडलेला बांबू. चढत्या चांदण्यात त्याच्यात गोडवा ऱ्हातो, भुंगा त्याच्याच मागं लागतो. सांग तिला. तुला सांगलेलं तेच सांग."

मॅडमनं वहीत भराभर लिहून घेतलं. सूप हेड ऑफिसला दाखवून परत पाठवते, म्हणाली.

"ने म्हणावं. पण परत देताना रिकामं देत नसतात, चार दाणे घालायचे. सांगलंस?"

"सांगितलं," भावेश म्हणाला. त्यानं फक्त 'थँक्यू' म्हटलं होतं, हे आम्हालाही कळलं.

कंपनीनं पैसा घातला, पण दुसऱ्या जिल्ह्यात. तिथं विणणारे, करवती, बांबू भिजवायच्या औषधाच्या टाक्या, गोदाम, सगळं आधीपासून एका आवारात होतं. क्लस्टर म्हणतात ते हे. आपल्याकडं त्याचा फोटो होता.

भावेश आता तिथं सुपरवायझर आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मोबाईलवर मालाला लावायची चिठ्ठी दाखवली. वर सुपाचं चित्र, खाली इंग्रजी.

"काय लिवलंय?"

"उतरत्या चंद्रात तोडलेला बांबू. प्राचीन ज्ञान. त्यामुळं दुप्पट भाव येतो, काकी."

"आन् माजं सूप?"

"हेड ऑफिसला. काचेच्या कपाटात."

भागीनं शेजारच्या पोशीचं सूप मागून आणलं आणि नागली पाखडायला बसली.

तर कुणाला काय मिळालं बघा. मॅडमला भाव, भावेशला खुर्ची, रघुला टोपी, सूर्यमाळच्या बायांना एक दिवसाचं पाणी. बेट भरायला पाच पावसाळे लागतील, म्हणून परवा भिवंडीच्या ट्रकमध्ये रघुसोबत भागीही चढणार. जायच्या आधी तिनं पोशीचं सूप परत केलं. रिकामं देत नसतात, म्हणून त्यात ओंजळभर नागली घातली.