उजवा पदर वर

एकट्या बाईला खोली द्यायची नाही, असा क्योतोतल्या जुन्या रियोकानांचा, म्हणजे पारंपरिक अतिथिगृहांचा, एके काळी नेम होता. कारण कुणी मोठ्याने सांगत नसे, पण ठाऊक सगळ्यांना असे. एकटी आलेली बाई जिवंत परत जाईलच, याची खात्री काय? आता दिवस बदलले, नेम गेला. संशय मात्र कुठे जातोय! निदान मित्सुएच्या डोक्यातून तरी तो गेला नव्हता.

मित्सुए एकोणीस वर्षं पाहुण्यांची सेवा करत होती. त्यातली पहिली सात दुसऱ्या एका रियोकानात. तिथे एके दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली, दार सरकवलं, आणि आतली बाई उठलीच नाही. आदल्या संध्याकाळी त्या बाईचा चेहरा बघून मित्सुएला विचारावंसं वाटलं होतं, काय होतंय हो तुम्हाला? पण पाहुण्याला खासगी काही विचारायचं नाही, ही शिस्त. ती गप्प बसली. मेली ती शिस्त! तेव्हापासून तिच्या मनाला जे लागलं ते लागलंच.

आणि आज नदीकाठच्या खोलीत कुवाबाराबाई येऊन उतरल्या होत्या. ही खोली सगळ्यात महाग. समोर कामो नदी, अंगणात खासगी गरम पाण्याचं कुंड, जेवण खोलीतच. नोंद दोघींची होती, आल्या एकट्याच. वय पासष्टच्या पुढे, बूट जुने पण चकचकीत पुसलेले, हातात भाजीला न्यावी एवढीशी पिशवी.

"मैत्रीण यायची नाही," बाई म्हणाल्या. "जेवण मात्र दोघींचं आणा."

"आणते, बाईसाहेब. उद्या परतीची गाडी किती वाजता? टॅक्सी सांगून ठेवते."

"बघू."

"नाही, म्हणजे सांगून ठेवलेली बरी..."

"म्हटलं ना, बघू."

मित्सुए तडक मालकीणबाईंकडे गेली. त्या फुलदाणीत गवताचा तुरा खोचत बसल्या होत्या.

"मालकीणबाई, मला काही ही बाई ठीक दिसत नाही."

"तुला आजवर कोण ठीक दिसलंय? गेल्या महिन्यात तो कुंडात गाणारा म्हातारासुद्धा तुला ठीक दिसत नव्हता."

"बेसूर गात होता तो!"

"मित्सुए, लोक इथे येतात ते कुणी त्यांच्यावर डोळे रोखू नयेत म्हणून. त्या बाईंची एक तक्रार आली ना, तर उद्यापासून तू धुणीघरात. कळलं?"

कळलं तर होतं. पण धुणीघर परवडलं, पुन्हा ते दार सरकवणं नको. मित्सुए चहा घेऊन गेली. मग गरम रुमाल घेऊन गेली. मग 'चहा गार झाला असेल' म्हणून पुन्हा गेली. नाशपाती घेऊन गेली, ती स्वतःच सोलून दिली, आणि सुरी एप्रनमध्ये लपवून परत आणली. दर खेपेला बाई नदीकडे तोंड करून बसलेल्या. दर खेपेला त्यांची नजर आधी मित्सुएच्या हातांवर जाई, मग आपल्या त्या पिशवीवर. या बाईंनाही कसलातरी संशय येत होता म्हणायचा.

सहा वाजता कुवाबाराबाई कुंडातून न्हाऊन बाहेर आल्या, आणि मित्सुए ताट हातात घेऊन जागीच थांबली.

बाईंच्या अंगावर रियोकानचा सुती युकाता होता, कमरेला पट्ट्याने बांधायचा झगा. त्याचा उजवा पदर वर होता, डावा आत.

जिवंत माणसाचा डावा पदर वर असतो. हे तीन वर्षांच्या पोरालाही शिकवतात. उजवा वर येतो तो एकदाच, मेल्यावर, आणि तेव्हा तो घेणारे हात दुसऱ्याचे असतात. परदेशी पाहुणे चुकतात, मग मित्सुए हसून दुरुस्त करते. पण तोयामाहून आलेली, आपल्याच देशात केस पांढरे केलेली बाई चुकेल? छे! ही तयारी करूनच आली आहे, अशी मित्सुएची खात्रीच झाली.

तिने दोन ताटं समोरासमोर मांडली. आयु नावाचे भाजलेले दोन नदीतले मासे, मिठात शेपट्या वळवलेले.

"बसा जरा," कुवाबाराबाई म्हणाल्या. आवाज कडक. "दुपारपासून पाच वेळा आलात. माझ्या बुटांकडे बघितलंत. पिशवीकडे बघितलंत. फळ खायला दिलंत आणि सुरी लपवून नेलीत. असे बूट घालून आलेली बाई तुमचे रुमाल पळवेल, असं वाटलं का तुम्हाला?"

"नाही हो, बाईसाहेब!"

"मग? बोलवा तुमच्या मालकिणीला."

गेली नोकरी, मित्सुएला वाटलं. आणि मग तिच्या तोंडून निघूनच गेलं, "चोर नाही हो! मला वाटलं, तुम्ही जीव द्यायला आलात!"

कुवाबाराबाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि एकदम खळखळून हसल्या.

"अगं बाई! कशावरून म्हणे?"

मित्सुएने नुसतं बोट दाखवलं. बाईंनी खाली मान घालून आपला पदर पाहिला. हसू तिथल्या तिथे विरलं.

"हे हात मेले," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं हेच केलं मी. गेलेल्यांना न्हाऊ घालायचं, कपडे चढवायचे. मी आणि तोकिको, दोघी एकाच ठिकाणी. या खोलीचं चित्र आमच्या कपाटाला चिकटवलेलं होतं. काम सुटलं की इथे जाऊ, हा मासा खाऊ, एक दिवस कुणीतरी आपल्या पुढे पुढे करू दे, असं म्हणायचो. गेल्या महिन्यात तोकिकोला मीच नेसवलं. नीट नेसवलं हो. तसंच आज माझ्याही अंगावर घेतलं मी, आणि मला पत्ताही नाही."

मित्सुएला रडू आवरेना. आपल्या संशयाची तिला लाज वाटली. ती उठली, न विचारता बाईंच्या कमरेचा पट्टा सोडला, उजवा पदर आत घेतला, डावा वर आणला, आणि पट्टा पुन्हा बांधला. बाई दोन्ही हात लांब धरून लहान मुलीसारख्या उभ्या राहिल्या.

"मला कधी कुणी नेसवलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग दुसऱ्या ताटाकडे हात केला. "बसा. गार होतोय."

"बाईसाहेब, आम्हाला चालत नाही. मालकीणबाई जीव घेतील."

"बघा, आता तुमचा जीव!"

मित्सुए बसली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तोकिकोच्या वाट्याचा मासा तिने काट्यापर्यंत खाल्ला.

सकाळी निरोपाला सगळे फाटकाशी रांगेत उभे राहिले. गाडी वळणाआड जाईपर्यंत कमरेत वाकून राहायचं, जराही हलायचं नाही, ही इथली रीत.

"बघितलंस? हसत चालली आहे बाई," मालकीणबाई पुटपुटल्या. "तू आणि तुझे संशय!"

मित्सुएही हसली. डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. सगळे वाकले. एवढ्यात टॅक्सीची काच खाली आली.

"मित्सुएबाई, स्टेशनात तोयामाचं तिकीट कुठे मिळतं हो? मी येताना परतीचं काढलंच नव्हतं. आता लागेल."

मित्सुए वाकलेलीच राहिली. मग ती ताठ झाली, टॅक्सीकडे धावली, आणि घरातल्या सपातांवरच, एप्रनसकट, बाईंच्या शेजारी जाऊन बसली.

"मी येते ना दाखवायला," ती म्हणाली. "माझ्या हाताने काढून देते."

बाईंनी तिचा हात धरला. टॅक्सी वळणाआड गेल्यावर मालकीणबाईंनी मान वर केली, तेव्हा रांगेत एक माणूस कमी होतं.