डावा पीळ

त्या पेन्सिल्वेनियाच्या गावात इंग्रजीतलं एकच क्रियापद सतरा घरची धुणी धुतं. पाय मुरगळला, ट्विस्ट. बरणीचं झाकण फिरवलं, ट्विस्ट. कुणाचा हात पिरगळून होकार काढला, बोलण्याचा भलताच अर्थ लावला, तरी ट्विस्टच. एल्वा ग्रोफच्या लेखी मात्र त्याचा अर्थ एकच होता: प्रेट्झेल वळणं, म्हणजे कणकेच्या दोरीची दोन टोकं एकमेकांवर टाकून खाऱ्या बिस्किटाची गाठ मारणं. शेंकच्या बेकरीत बावीस वर्षं ती तेच करत आली होती, मिनिटाला चाळीस.

एल्वा डावखुरी. बाकीच्या बायकांचं उजवं टोक डाव्यावर पडे, तिचं उलटं. हा डावा पीळ तिनं एकीलाच दिला होता, शेजारी बसणाऱ्या नेटी झूकला. नेटी आली तेव्हा तिच्या हातात कणकेची नुसती गांडुळं व्हायची. एल्वानं मागं उभं राहून, मनगटं धरून तिला शिकवलं. दोघींचा माल एकाच ट्रेमध्ये जायचा, आणि सगळ्या त्याला एल्वाचाच समजायच्या. नेटीला ती धाकट्या बहिणीसारखी जपायची, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

हिवाळ्यात शेंकनं विचारलं होतं, "यंत्र बनवणाऱ्या माणसाला वळून कोण दाखवतं? त्याला कॅमेऱ्यानं हात टिपायचेत." बायकांना कळायचं ते कळलं. यंत्र आलं की तीस जणींच्या पोटावर पाय. पिठात हात बुडवून सगळ्यांनी शपथ घेतली, कुणी दाखवायचं नाही. नेटीची शपथ सगळ्यांत मोठ्यानं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी यंत्र आलंच. खडखडाट करत त्यानं पहिलं प्रेट्झेल पट्ट्यावर टाकलं. म्हाताऱ्या बार्बरानं ते उचललं, उलटंपालटं केलं आणि तिचा चेहरा उतरला.

"डावं वर," ती म्हणाली. "एल्वा, हा तुझा हात आहे."

"माझा? वेड लागलंय का तुला?"

"मग काय यंत्र डावखुरं जन्मलं? बाई, आमच्या पोरांच्या तोंडचा घास किती डॉलरला विकलास?"

एल्वाच्या डोळ्यांपुढे नेटीचे मार्चमधले दोन शनिवार आले, आजारी मावशीकडे जाते म्हणून सुट्टी घेतलेले. "नेटीपण असंच वळते!" ती ओरडली. "मीच शिकवलंय तिला. नेटी, सांग ना गं!"

नेटी वळतच राहिली. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. आज तिचा ट्रे वेगळा होता. त्यात सहा ओळी प्रेट्झेल होती, आणि प्रत्येकाचं उजवं टोक डाव्यावर.

"बघा बाई," नेटी हळूच म्हणाली, "मी तर तुमच्यासारखीच वळते."

बार्बरानं एल्वाकडे पाठ फिरवली, मग बाकीच्यांनी. एल्वा त्या ट्रेकडे बघत राहिली. एकही गाठ चुकलेली नव्हती. इतकी सफाई एका दिवसात येत नाही, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.