मनात आलं आणि टीव्हीवर दिसलं

संध्याकाळच्या बातम्या चालू आहेत, मधेच एक जाहिरात लागते आणि घरातली सगळी माणसं एकदम दुसरीकडे बघू लागतात, असं तुमच्या घरी कधी झालंय का? वाईट जाहिरात होती असं नव्हे. अगदी सभ्य होती. पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा बागेत बसून हसताहेत, मागे मंद संगीत, आणि एक गोड आवाज सांगतोय, "त्यांनाही हवी त्यांच्या वयाची सोबत. ज्येष्ठांसाठी प्रेमळ निवास. अधिक माहितीसाठी रिमोटवरचं हिरवं बटण दाबा."

या गोष्टीतल्या घरात गेले काही आठवडे रोज हेच चाललं होतं. जाहिरात लागली की सूनबाईंना गॅसवरचं दूध आठवायचं, मुलगा मोबाइलमध्ये डोकं खुपसायचा आणि म्हातारे वडील चष्मा काढून पुसत बसायचे. चष्मा इतका स्वच्छ त्यांच्या उभ्या आयुष्यात कधी नसेल.

तसं घर चांगलं होतं. मुलगा पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार कक्षात होता. दिवसभर कानाला फोन. नळाला पाणी नाही, आहे तर गढूळ आहे, गढूळ नसेल तर ते सगळे झोपल्यावर येतं. सगळ्यांचं सगळं निमूटपणे ऐकून घेतो म्हणून ऑफिसात त्याला ऐकोबा म्हणत. बायको बालवाडीत शिकवायची. खोलीभर पोरांना सांभाळून संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसलेला असायचा. वडील मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे, अर्ध्या गावाचा हात स्टिअरिंगवर त्यांनीच बसवला होता. लोक अजूनही त्यांना गाडीमास्तर म्हणत. आता गुडघे गेले होते आणि फिरणं गॅलरीपुरतं उरलं होतं.

नवरा-बायको दोघांचेही शब्द कामावरच संपून जायचे. घरी उरायचं ते "जेवलात?", "औषध घेतलंत?", "दार लावलं का?" एवढंच. त्यामुळे कोण गप्प आहे आणि कोण नुसतं दमलंय, हे कळायची सोयच नव्हती.

गाडीमास्तरांनी चारचा दुसरा चहा मागणं सोडलं. गुडघा ठणकला तरी सांगेनात. आंघोळ झाली की भिंतीला धरून धरून स्वतःच बाथरूमची फरशी पुसू लागले.

"बाबा, राहू द्या हो, मी पुसते," सूनबाई म्हणाली.

"नको नको, तू दमून आलीस. माझं काय, बसलेलाच असतो."

बोलणं पाहुण्यासारखं होतं. तिला ते खटकलं. पण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. तीच जाहिरात तिच्या मोबाइलवरही येत होती. मुलांसाठी गाणी शोधायला गेली तरी वर ते हसरे आजी-आजोबा हजर. जे शोधावं त्याचीच जाहिरात येते, हे तिला माहीत होतं. हा शोधतोय तर, तिला वाटलं. मला न सांगता. विचारावं का? विचारलं आणि तो हो म्हणाला, तर पुढे काय बोलायचं? आणि मग तीही मूग गिळून बसली.

ऐकोबानंही जाहिरात पाहिली होती. हल्ली अशा जाहिराती सगळ्यांनाच येतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. तरी ती लागली की तो मोबाइलमधून डोकं वर काढायचा नाही. का, ते पुढे कळेलच.

एका शनिवारी दुपारी त्याला ऑफिसात बायकोचा फोन आला. तिचा घाबरलेला आवाज त्याला आधी ओळखूच आला नाही.

"बाबा घरात नाहीत! शेजारच्या काकू म्हणतात, पांढरी गाडी आली होती. गाडीवर हसणारे आजी-आजोबा रंगवलेले होते. बाबा आपण होऊन बसले म्हणे गाडीत. इस्त्रीचा शर्ट घालून."

त्यानं कानावरचा दुसरा फोन तसाच टेबलावर ठेवला. पलीकडे कुणीतरी गढूळ पाण्याबद्दल तावातावानं बोलत राहिलं.

बायकोला वाटेत घेऊन तो त्या निवासावर पोहोचला. जागा खरोखर स्वच्छ होती. गुळगुळीत फरशा, कठडे, भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्या. ऑफिसात गाडीमास्तर चहाचा कप हातात धरून ताठ बसले होते, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखे. समोर व्यवस्थापक बाई.

"आलात? बरं झालं," ते म्हणाले. "तुम्हाला त्रास नको म्हणून मीच बघून गेलो असतो. ते हिरवं बटण दाबलं, तर यांनी गाडीच पाठवली. खोली चांगली आहे. उजेड येतो. फक्त दिवे लवकर घालवतात, पण ती सवय होईल."

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"अरे, जाहिरात लागली की तोंडं फिरवता, म्हणजे इतके दिवस शोधताय तुम्ही. तोंडानं बोलवत नाही तुम्हाला, ते दिसतंय मला. म्हटलं, पोराला किती अवघडवायचं? आपणच गाडी पुढे काढावी."

सूनबाईचे डोळे भरून आले. "कोणी शोधत नव्हतं, बाबा!"

व्यवस्थापक बाई गोंधळल्या. बिचाऱ्या सरळ होत्या, त्यांनी सरळ सांगून टाकलं. "असं कसं? आम्ही ही जाहिरात सगळ्या गावाला नाही दाखवत. तुमची इंटरनेट कंपनी आहे ना, टीव्हीचा डबाही तिचाच, ती बघते कुठल्या घरातून ज्येष्ठांच्या निवासांची चौकशी चाललीय. त्याच घरांना आमची जाहिरात जाते, टीव्हीवर, मोबाइलवर, सगळीकडे. तुमच्या घरून कुणीतरी पाहिलंच असणार."

सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. गाडीमास्तरांनी मात्र कपात पाहिलं.

मंडळी, त्या क्षणी खोटं बोलणं किती सोपं होतं! कंपनीची चूक झाली, दुसऱ्याचं काहीतरी आपल्याला आलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ऐकोबाच्या जिभेवर ते आलंही होतं. पण वडिलांचा तो इस्त्रीचा शर्ट पाहून त्याला ते बोलवेना.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "एकदाच. तुम्ही बाथरूममध्ये घसरलात ना, त्या रविवारी. रजा कोणी काढायची यावरून आमचं दोघांचं वाजलं होतं. मी गॅलरीत जाऊन बसलो आणि मोबाइलवर बघत राहिलो, असल्या जागा कशा असतात. तेवढ्यात तुम्ही आतून हाक मारलीत, अरे, जेवून घे, गार होतंय. मला माझीच लाज वाटली. बंद केलं ते. परत कधी नाही बघितलं. शपथ सांगतो!"

मग गाडीमास्तरांनी उरलेला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"चला," ते म्हणाले. "बाई, चहा छान होता. खोली दुसऱ्या कुणाला द्या."

गाडीत ते पुढे बसले. मुलगा चालवत होता आणि मास्तरांचा उजवा पाय सवयीनं, नसलेल्या ब्रेकवर पडत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ऐकोबा म्हणाला, "बाबा, चूक माझी आहे. त्या कंपनीला काय बोलू? मी बघितलंच नसतं तर..."

"तू बघितलंस हे खरं. मला लागलं हेही खरं. खोटं कशाला सांगू? कित्येक रात्री झोप नाही मला. पण आता माझं ऐक. तुझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा एका दुपारी तिचं पांघरूण बदलताना माझ्या मनात आलं, सुटली तर बरं होईल. ती सुटेल आणि मीही सुटेन. आलं रे मनात! मग तिनं पाणी मागितलं. मी पाजलं, तिचे पाय चेपत बसलो आणि तो विचार गेला कुठल्या कुठे. तिला कधी कळला नाही, तुलाही आज सांगतोय. आता मला सांग, तो विचार कुणी उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला असता, रोज संध्याकाळी, बातम्यांच्या मधे, तर ती कशानं गेली असती? आजारानं?"

मागे सूनबाई पदरानं डोळे टिपत होती.

"माणसाच्या मनात नाही नाही ते येतं," मास्तर म्हणाले. "त्यातलं बरंचसं तो सोडून देतो, म्हणून तर संसार चालतात. पण सोडून द्यायला जरा आडोसा लागतो. तुझा टाकून दिलेला विचार त्या लोकांनी उचलला आणि विकला. तुला विचारलं होतं का त्यांनी?"

"विचारलं होतं," मागून सूनबाई म्हणाली. "कनेक्शन घेतलं तेव्हा परवानगी मागत होते. मी म्हटलंसुद्धा, ही कसली परवानगी ते बघ. तर हा म्हणाला, दाब 'मान्य आहे', आपल्याकडे काय आहे लपवण्यासारखं?"

"काय मागताहेत ते वाचलं होतंस?"

"ते वाचतं कोण, बाबा!" ऐकोबा म्हणाला. "पानंच्या पानं असतात. दमून आलो होतो मी."

"मग ते विचारणं नव्हे. नवशिक्याची कागदावर सही घेतली आणि दिलं त्याला घाटात सोडून, असं मी कधी केलं नाही. केलं असतं तर लोकांनी सही बघितली नसती, मला धरला असता. आणि लपवण्यासारखं काही नाही, हे कोणी सांगितलं तुला? मला तुझ्यापासून लपवायचंय, तुला माझ्यापासून. एकमेकांचं मन राखायला लपवतो आपण. त्यात चोरी कसली?"

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर मास्तर जरा हसले.

"पुन्हा असं काही मनात आलं तर मोबाइलला विचारू नकोस. मला विचार."

"तुम्हाला विचारायची लाज वाटली तर?"

"तर मनातच ठेव. तिथं अजून तरी जाहिरात येत नाही."

घरी पोहोचल्या पोहोचल्या ऐकोबानं कंपनीला फोन लावला. आधी संगीत, मग "तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे", मग पुन्हा संगीत. हे वाक्य तो स्वतः दिवसभर लोकांना ऐकवायचा. ते दुसऱ्या बाजूनं ऐकायला कसं वाटतं, हे त्याला आज कळलं. शेवटी एक मुलगी बोलली. तीही दमलेलीच वाटत होती.

"सर, ती 'आवडीनुसार सेवा' आहे. तुमच्या घरातून कुठल्या कुठल्या साइट उघडल्या जातात ते बघून तुमच्या उपयोगाच्या जाहिराती दाखवतो. आत तुम्ही काय वाचलं ते आम्हाला नाही दिसत, सर. फक्त कुठे गेलात ते दिसतं."

"बाई, माणूस कुठल्या दारात उभा होता एवढं कळलं की पुरे होतं. आत काय बोलला ते ऐकायची गरजच राहत नाही. बंद करा ते."

"बंद केलं तर जाहिराती तुमच्या उपयोगाच्या राहणार नाहीत, सर."

"नकोतच मला उपयोगाच्या!" ऐकोबा ओरडला. एरवी आवाज न चढवणारा ऐकोबा! स्वयंपाकघरातून सूनबाई बाहेर येऊन बघू लागली.

मुलीनं हळू आवाजात सगळं सांगितलं. खात्यात कुठे जायचं, कुठल्या चौकटीतली बरोबरची खूण काढायची, ही खूण टीव्हीच्या डब्यासाठी वेगळी आहे, आणि इंटरनेटची योजना पुन्हा घेताना ती आपोआप परत येते, तेव्हा तीही काढायची. फोन ठेवताना ती म्हणाली, "सर, कुणी विचारतच नाही हो. मला सांगायला मिळतच नाही."

ऐकोबानं खुणा काढल्या. लगेच काही सगळं थांबलं नाही. जाहिरात आणखी काही संध्याकाळी येत राहिली. फरक एवढाच झाला की ती लागल्यावर आता तिघंही समोर बघायचे आणि मास्तर म्हणायचे, "खोलीत उजेड होता हं पण." त्यावर सूनबाई त्यांच्यावर चिडायची आणि त्यांना न विचारता दुसरा चहा ठेवायची.

वाचकहो, आता तुमच्या-आमच्याबद्दल. आपल्या घरात येणारी इंटरनेटची ती एक वायर आपण कुठे कुठे जातो ते सगळं बघते. कुणी अंगावरची गाठ कशाची असेल ते बघतं, कुणी नोकरी बदलता येईल का ते, कुणी वेगळं कसं राहावं ते. यातलं बरंचसं उद्या विसरून जायचं असतं. ते विसरायचा आपला हक्क आपण एका बटणावर देऊन टाकतो, कारण आपण दमलेले असतो. आणि त्यांचा सगळा व्यवहार आपल्या या दमण्यावरच उभा आहे. ते पानंच्या पानं लिहितात, खूण खोल कुठेतरी दडवून ठेवतात, ती पुन्हा पुन्हा आपोआप चालू करतात, कारण दमलेला माणूस वाचत नाही आणि भांडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी, कितीही दमला असलात तरी, तेवढी खूण काढा. कुणी म्हणालं की आपल्याकडे काय आहे लपवण्यासारखं, तर त्याला सांगा की आमच्याकडे आहे. आमच्या घरात माणसं राहतात आणि त्यांना एकमेकांबरोबर अजून बरीच वर्षं काढायची आहेत.