मुका सोमवार

उत्तराबाईंचा श्रावणी सोमवार मुका असायचा. पहाटे आंघोळ करून ओठ मिटले की संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत घरात त्यांचा शब्द नसे. लग्न होऊन या घरात आल्यापासूनचा नेम, चौतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. कुणी काही विचारलं तर बांगड्या एकदा वाजल्या की हो, दोनदा वाजल्या की नाही. ही भाषा लेकीनं, गार्गीनं, दुसरीत असताना काढली होती. "आई, मैत्रिणीकडे जाऊ?" किण्. की पोरगी दोन-दोन पायऱ्या उतरत पसार.

आज दुसरा सोमवार. उत्तराबाईंनी पिंडीवर बेल वाहिला, हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "आज बोलणार आहे मी. उपास पाळीन, मौन नाही. रागावू नकोस."

मागे केशवराव चहाचा कप घेऊन उभे होते. एरवी ते पेन्शनरांच्या बैठकीत छापील बोलत, पण संतापले की त्यांच्या तोंडून गावाकडची, कुहीची बोली बाहेर यायची.

"काहून बोलून राहिली वं? सोमवार आहे ना आज!"

"कोर्टात जायचं आहे. गार्गीची तारीख, माझी साक्ष आहे."

"मौन आहे म्हणून कळवून दे. देवाधर्माले कोणी नाही म्हणत नाही."

"कळवते, आणि पुन्हा गप्प बसते. असंच ना?"

"पोरीनं तुझ्याही डोक्यात ते स्त्रीवादाचं भरवलं म्हणजे! आता या वयात मोर्चे काढशील. निदान गुडघ्याचा पट्टा लावून जा."

उत्तराबाईंनी पट्टा खरंच लावला. "त्यातलं मला काही येत नाही हो," त्या म्हणाल्या, "लेकीनं हाक मारली तर आईनं ओ द्यावी, एवढंच कळतं. तेही उशिरा कळलं."

केशवरावांनी कप खाली ठेवला. तीन वर्षांपूर्वीचा तो सोमवार दोघांनाही ठाऊक होता. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

त्या दिवशीही सकाळीच फोन वाजला होता. गार्गी खाप्याहून, सासरहून बोलत होती. आवाज दबलेला. "आई, तुझं मौन आहे, माहीत आहे. नुसतं ऐक. सुमंत मारतो मला. आता सासूबाईंसमोरही मारतो. मी येऊ का गं? नेहमीसाठी. एकदा वाजव. फक्त एकदा."

उत्तराबाईंचा हात उचलला गेला होता. समोर झोपाळ्यावर केशवराव बसले होते. फोन स्पीकरवर होता, शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता. त्यांनी मान हलवली, नाही. पंधरा-वीस दिवसांवर घरच्या महालक्ष्म्या होत्या, जेवायला साठ माणूस. उत्तराबाईंच्या मनात आलं, संध्याकाळी दिवा लागला की नीट बोलू, समजावू. दुसऱ्या हातानं त्यांनी बांगड्या घट्ट धरल्या. चुकून वाजू नयेत म्हणून.

पलीकडे गार्गी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "बरं."

संध्याकाळी त्यांनी फोन केला, तर तो बंद. त्याच आठवड्यात सुमंतनं कानशिलात मारली आणि गार्गीचा डावा कान कायमचा गेला. ती माहेरी आली नाही. दवाखान्यातून परस्पर मैत्रिणीकडे गेली, नोकरी धरली, इतवारीत एक खोली घेतली. सणावाराला यायची, जेवायची, ताट घासून ठेवायची. "येऊन जाते" म्हणायची. "येते" कधी म्हणाली नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात गार्गी बाकावर बसली होती. आईला बघून उठली. "आज सोमवार आहे, आई. जमेल ना?"

उत्तराबाईंनी सवयीनं मनगट हलवलं. किण्. मग लाजल्या, आणि तोंडानं म्हणाल्या, "जमेल."

सुमंतचा वकील तरुण होता, गोड बोलणारा. "आजी, फोन आला हे तुम्ही लिहून दिलंय. सात मिनिटांचा कॉल, कबूल. मुलगी मार खातेय असं सांगते. मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"जरा मोठ्यानं."

"काही म्हणाले नाही."

"पोलिसांत गेलात? जावयाला विचारलं? मुलीला घरी बोलावलं?"

"नाही."

तो न्यायाधीशबाईंकडे वळला. "मॅडम, कुठली आई असं ऐकून गप्प बसेल? अर्थ उघड आहे. ती साधी विचारपूस होती. मारहाणीची गोष्ट नंतर रचली."

उत्तराबाईंनी गार्गीकडे पाहिलं. ती उजवा कान पुढे करून बसली होती. आपला आवाज मुळातच बारीक. जन्मभर कौतुक झालेलं, सून कशी तर हळू बोलणारी. त्यांनी कठडा धरला आणि घरात कधी काढला नव्हता तेवढा आवाज काढला.

"मी गप्प बसले! ही आई गप्प बसली. माझं मौन होतं. ती म्हणाली मारतो, ती म्हणाली येऊ का, एकदा बांगडी वाजव म्हणाली. मी बांगड्या धरून ठेवल्या. अशा." त्यांनी डावं मनगट उजव्या मुठीत आवळून दाखवलं. "तिनं काही रचलेलं नाही. तिनं वेळेवर सांगितलं होतं. चूक माझी लिहा."

टंकलेखक थांबला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "लिहा." वकिलानं पुढचा कागद उलटला, पुन्हा मिटला. "आणखी प्रश्न नाहीत."

बाहेर गार्गीनं पाण्याची बाटली पुढे केली. "साबुदाणा आणलाय. खा थोडा."

उत्तराबाई बाकावर तिच्या शेजारी बसल्या. "घरी ये आता," त्या म्हणाल्या. "नेहमीसाठी."

गार्गी डब्याचं झाकण काढत राहिली. उत्तराबाईंच्या लक्षात आलं, आपण डाव्या बाजूला बसलोय. त्या उठल्या, गुडघा सावरत वळसा घालून उजवीकडे आल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "घरी ये, बाळा. नेहमीसाठी."

"ऐकलं." गार्गीचे डोळे भरले होते. "तू आज बोललीस, ते मी विसरणार नाही. पण आई, ते विचारणारी मुलगी आता नाही गं. मी तिला त्या दिवशीच खाप्यात ठेवून आले."

तिनं आईला ऑटोत बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून आत सारला, आणि स्वतः बसथांब्याकडे गेली.

घरी दिवा लावून झाल्यावर केशवराव नुसतं म्हणाले, "मान मीच हलवली होती ना त्या दिवशी."

"हो," उत्तराबाई म्हणाल्या. "पण हात माझा होता."

पुढच्या सोमवारी त्यांनी उपास केला, मौन धरलं नाही. फोन देवघरापाशी ठेवला, आवाज पूर्ण वाढवून. दिवसभर तो वाजला नाही.