मी वाजलो, शहाणी वळली

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा. रंग उडालाय, मुठीवर दातांचे वळ आहेत, पण पोटातल्या बिया अजून शाबूत आहेत. सुताराने मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, आपण पाळण्यात लोळणार. नशीब बघा, मी पडलो एका तपासणीच्या पेटीत. ठोकळे, लोकरीचा गोळा आणि मी, असे सगळे बालवाडीच्या बाईंबरोबर प्रशिक्षणाला गेलो.

तिथे एक डॉक्टरीणबाई शिकवत होत्या. मूल वयाप्रमाणे बघतं का, ऐकतं का, बोलतं का, हे बालवाडीतच ओळखायचं आणि शंका आली तर दवाखान्यात पाठवायचं. माझ्याकडे ऐकण्याचं खातं. "मुलाच्या मागे उभं राहा, त्याला दिसू नका, हळूच वाजवा," त्या म्हणाल्या. बाकीच्यांचं लक्ष चहाकडे होतं. आमच्या बाईंनी मात्र अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. बाईंच्या जमेला माया भरपूर. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट, निकालाची हौस. आपल्या वर्गातलं एकही पोर मागे पडलेलं त्यांना खपत नसे.

वर्गात एक चिमुरडी होती. भांडण नाही, दंगा नाही, म्हणून बाई तिला शहाणी म्हणत. गप्प पोराला मोठी माणसं फार लवकर शहाणं ठरवतात. ती मला उचलायची ती गालाला घट्ट लावून हलवायची.

एकदा तिची आई दारात घुटमळली. "बाई, ही हाकेला येत नाही हो. सासूबाई म्हणतात, हिचा बापही उशिराच बोलला."

"बघू की आत्ताच." बाईंनी शहाणीला भिंतीकडे तोंड करून बसवलं, मागे उभ्या राहिल्या, मला हलवलं. शहाणी झटकन वळली.

"बघितलंत? कान खणखणीत आहेत. लाडावलीय, दुसरं काय."

आई हसली, पण मोकळं हसली नाही.

मित्रांनो, दार आमच्या पाठीमागे होतं. ऊन आत आलं होतं. बाईंचा हात वर गेला तशी त्याची सावली भिंतीवर, शहाणीच्या नाकासमोर हलली. मला ते दिसलं. पण बियांच्या पोटातून शब्द कसा फुटणार?

वर्ष सरलं. बरोबरीची पोरं गोष्टी सांगू लागली, शहाणी नुसती बोट दाखवायची. घरी 'हट्टी' म्हणून धपाटे बसू लागले.

मग उजळणीसाठी पेटीसकट पुन्हा बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी आमच्या बाईंनाच मूल म्हणून खुर्चीवर बसवलं. शेजारच्या गावच्या बाई मला घेऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांनी हात उचलला मात्र, आमच्या बाई वळल्या.

"अगं, मी अजून वाजवलंच नाही," त्या म्हणाल्या. "शाळेतही प्रश्नाआधीच उत्तर द्यायचीस का?"

सगळ्या हसल्या. आमच्या बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. खिडकी पाठीमागे होती.

परतल्यावर बाईंनी वर्गाचं दार लावून घेतलं. शहाणी मणी ओवत होती. मी हळू वाजलो, मग जोरात वाजलो. एकामागून एक मणी दोऱ्यात जात राहिला.

संध्याकाळी बाई शहाणीच्या घरी गेल्या.

"तुम्हीच तर म्हणाला होतात, कान खणखणीत आहेत," आई म्हणाली.

"म्हणाले होते. चुकलं माझं. उद्या दवाखान्यात मीही येते."

आता शहाणीच्या कानांत यंत्रं आहेत. बोलेल, असं दवाखान्यातले म्हणतात. "थोडं आधी आणलं असतं तर..." इथवर येऊन थांबतात. बाई तेव्हा खाली बघतात.

परवा तिने मला सवयीने गालाला लावलं, हलवलं आणि थबकली. मग मला गालापासून लांब धरून पुन्हा हलवलं. पुन्हा. पुन्हा.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी फार गप्प, फार शहाणं बसत असेल, तर एकदा मागून हाक मारून बघा. आणि हाक मारताना आपली सावली कुठे पडतेय, तेही बघा.