तळाचा घोट

मित्रांनो, मी एक जुनी कासंडी आहे. पण तुमच्याकडच्यासारखी पितळेची नव्हे. चलबीच्या खाऱ्या वाळवंटात पितळ कोण वाहणार! रानमुळांच्या धाग्यांनी मला विणलं आहे, इतकं घट्ट, की उंटिणीचं दूध थेंबभरही पाझरत नाही. दर्मीच्या आईनं लेकीच्या लग्नासाठी मला घडवलं. दर्मी रोज निखाऱ्यांचा धूर देऊन मला शुद्ध करी. "हिच्यातलं दूध नासतच नाही बाई," असं बायका म्हणत, तेव्हा मी उगाच फुगत असे.

आमच्याकडे पहिलं दूध पाहुण्याचं. त्यानं प्यावं आणि तळाला थोडं ठेवून कासंडी परत द्यावी. ते तळाचं घरातल्या पोराचं. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या कडेवरच कळते. जगात सगळ्यांनाच ती ठाऊक असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग दुष्काळ आला. एकच उंटीण उरली, तीही ओंजळभर दूध देई. दर्मीची एकुलती लेक तुमे तापानं फणफणलेली. दुधाशिवाय तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. त्याच सकाळी एका परक्या प्रवाशाची गाडी वस्तीजवळ रुतली. चालक वारिओ आमच्यातलाच, पण तो चाकाखालची वाळू उपसत होता. पाहुणा एकटाच दारात आला. दर्मीनं मला त्याच्या हाती दिलं.

तो प्यायला. टाकलं तर या गरीब बाईचा अपमान होईल, असं त्याला वाटलं असावं. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि मला उलटी धरून, बघा, संपवलं, असा हसला.

शेजारची कबाले म्हातारी पुटपुटली, "अगं, हा माणूस आहे का वाळू? ओतलं की जिरलं!"

"गप, मावशी. पाहुणा आहे."

"त्याला कुठं आपली बोली कळतेय?"

"चेहरा कळतो ना," दर्मी म्हणाली, आणि हसरं तोंड करून उभी राहिली.

जाताना त्यानं तुमेचा फोटो काढला. तो गेल्यावर तुमेनं माझ्यात हात घातला आणि तळावरून बोट फिरवलं. कोरडं बोट चोखून पाहिलं.

पुढचा पाऊस तिनं पाहिला नाही. एका घोटानं कुणी जगत नाही, हे मलाही कळतं. पण ते बोट माझ्या तळाशी अजून फिरतं.

पाऊस झाला, उंटिणी व्याल्या, आणि तो प्रवासी परत आला. या खेपेला वारिओनं वाटेत त्याला आमची रीत सांगितली होती. तो जपून प्यायला, तळाला चांगलं पेलाभर ठेवलं, दोन्ही हातांनी मला पुढे केलं. मग खिशातून फोटो काढून त्यानं काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" दर्मीनं विचारलं.

वारिओ मान खाली घालून म्हणाला, "ताई, तो म्हणतो... छोटी कुठं आहे? हे तिच्यासाठी ठेवलंय."



तळाचं दूध सांडायचं नसतं. मोठ्यांनी प्यायचंही नसतं. दर्मीनं ते तसंच ठेवून मला खुंटीला टांगलं. ते आंबलं, वाळलं. धूर मला पुन्हा मिळाला नाही. वाऱ्यानं हलले की दर्मी दचकून माझ्याकडे बघते.

मित्रांनो, एवढीच विनंती. परक्या दारात भरलेलं भांडं हाती आलं, तर तोंडाला लावण्याआधी जरा भोवती पाहा. तुमच्याकडे न बघता भांड्याकडे कोण बघतंय, ते पाहा.